कराचीफुईची वेगळी चूल

कराचीफुई भाकरी थापताना अखंड बोलायची आणि भाकरी तव्यावर पडली की एकदम गप्प व्हायची. फुई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. फाळणीआधी कराचीला दिलेली. नवरा वारला तेव्हा पाकिस्तानचा पासपोर्ट घेऊन ती सारंगखेड्याला भावाकडे आली. माझी आई नुकतीच गेली होती. माझी वेणी, माझा ताप, माझी शाळा, सगळं तिनंच पाहिलं.

नदीवर बायका तिला छेडायच्या, "कराचीमा उंटवर बसीसन भाजी लेवाले जात व्हती का वं?"

"उंट भला," फुई म्हणायची. "तुन्हा नवरानागत रस्तामा बसी जात नई."

घरात मात्र तिचा एक हट्ट असे. गडीमाणूस असो की पाहुणा, सगळ्यांचं जेवण एकाच चुलीवर. "मी शे तोवर या घरमा दुसरा धूर नई निंघाव." पहिली भाकरी भावाची, शेवटची तिची.

भारतात राहण्याची तिची मुदत संपली. वाढवून मागितली, तर सरकारनं नाकारली: दीर कराचीत आहे, त्याच्याकडे जावं. त्या दिरानं तर तिला घराबाहेर काढलं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शहाद्याचा वकील गाठून धुळ्याच्या कोर्टात दावा लावला. वकील म्हणाले, "ही भावाच्या चुलीवर जेवते, भावाशिवाय तिला आधार नाही, एवढंच कोर्टाला पटवायचं आहे."

तारखा पडत गेल्या. त्या काळात भाऊबंद ओट्यावर येऊन बसू लागले. आता मुलींनाही वाटा देणारा कायदा आलाय, बहीण कायमची राहिली तर जमीन मागेल, असं काहीबाही आबांच्या कानात घालू लागले. फुई आत त्यांच्यासाठी चहा ठेवायची.

साक्षीच्या दिवशी वकिलांनी मलाही नेलं होतं. आबा पिंजऱ्यात उभे राहिले. बहीण तुमच्यावर अवलंबून आहे का, असं विचारल्यावर ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "बहीणनी चूल येगळी शे, साहेब. ती तिन्हं पाहस, आम्ही आमनं."

आमच्या वकिलांनी हातातला कागद दुमडून ठेवला. फुईनं फक्त पदर नीट केला. परतीच्या एसटीत तिनं फडकं सोडलं आणि पहिली भाकरी आबांपुढे धरली. त्यांनी ती घेतली. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दावा फेटाळला गेला. तिला परत पाठवल्यावर घरची चूल माझ्याकडे आली आणि सातवीतच शाळा सुटली. आज नवऱ्याच्या नोकरीपायी गावापासून इतकी लांब राहते. रेशनकार्डासाठी कोणी घरी येऊन "घरात कोण कोण?" विचारलं की अजून मी आधी चुलीकडे बघते. हातची भाकरी मात्र फुलते, ती फुईच्या पुण्याईनं.

तिला न्यायला पोलीस यायचे होते, त्या सकाळी मला जाग आली ती अंगणातल्या धुरानं. फुईनं तीन दगड मांडून काट्याकुट्यांवर तवा ठेवला होता. मी रडत विचारलं, "फुई, इथे कशाला?"

"मन्हा भाऊ कोर्टमा खोटा पडाले नको, बेटा."

आबा दारात येऊन उभे होते. फुईनं भाकरी उतरवली, फडक्यात बांधून आपल्या बोचक्यात ठेवली आणि दगडांवर पाणी ओतलं. पहिली भाकरी नेहमी भावाची असायची. त्या दिवशी तिनं एकच केली होती.