अक्काचा बोटीचा दोर

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी जळगावात गच्चीवर पापड वाळत घालत होते. हाताला लागलेलं पीठही न धुता माहेरचं दोंडाईचा गाठलं... तिथे पोचल्यावर नजर आधी गेली ती खुंटीकडे. दोर होता जागेवर.

अक्का माझी आत्या. कॉलेजच्या शेवटच्या उन्हाळ्यात, ऐन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी झोक्यासाठी माहेरी येतात तेव्हा ही मैत्रिणींबरोबर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने पणजीला गेली. घरी न सांगता. येताना खलाशाने दिलेला काथ्याचा जाड दोर आणि त्याने शिकवलेली एक गाठ घेऊन आली. कितीही भार पडो, ती सरकत नाही. सोडायला मात्र दोन बोटं पुरतात. गावात बोभाटा झाला. बोटीने गेली म्हणजे परदेशातच गेली, असा सगळ्यांचा हिशेब. ठरलेलं लग्न मोडलं. आजोबा म्हणाले, "पोर वाया गई." अक्काने गोवा कुठे आहे हे कुणालाही समजावलं नाही. अंगणातल्या निंबाला त्याच दोराचा झोका बांधला आणि उंच झोका घेत सांगितलं, "बोट बी बुडनी नही नि मी बी बुडनू नही."

मग लग्न केलंच नाही. शाळेत शिकवलं, दर आखाजीला झोका बांधला, आम्हा भाच्यांना अक्षर गिरवण्याआधी ती गाठ शिकवली. तिची कीव करणाऱ्यांचा मला आजही राग येतो. बिचारी म्हणे! आमच्या घरात मनासारखं जगलेलं माणूस ती एकटीच.

यंदा आखाजी आली ती तिच्या तेराव्यानंतर लगेच. माझे वडील नाना म्हणजे तिचे धाकटे भाऊ. ते म्हणाले, "औंदा झोका नही. दुखनं वरीस शे. तो दोर बी चुल्हामा टाक." मी उठले. खुंटीवरचा दोर काढला, स्टूल घेतलं आणि निंबाच्या फांदीला गाठ मारली. शेजारणी दारात येऊन बघत राहिल्या. नाना ओट्यावर तोंड फिरवून बसले... बऱ्याच वेळाने काठी टेकत आले, दोर ओढून पाहिला.

"गाठ पक्की शे ना?"

"अक्कानी शे."

ते झोक्यावर बसले. मी हळूच ढकललं.

आखाजी होऊन गेली. झोका उतरवायची आठवण रोज कुणीतरी करून देतं. दोन बोटं पुरतात, मला माहीत आहे. मी सोडणार नाही.