शुक्राच्या माहेरची थाप

थापा मारण्यात अख्ख्या खानदेशात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे वाक्य मी एरवी मिशीला पीळ देऊन लिहिलं असतं. पण आज ज्या एका थापेबद्दल लिहायला बसलो आहे, ती आठवली की पीळ देणारा हात आपोआप खाली येतो.

बाकीच्या थापांनी कुणाचं काही बिघडलं नाही. बसऱ्याच्या लढाईत मी खेचरांच्या तांड्यावर होतो. खेचरांना पाणी पाजायचं, फाटलेली खोगिरं शिवायची आणि लाथा खायच्या, एवढंच माझं शौर्य. पण परत आल्यावर धरणगावच्या बाजारात मी सांगायचो की बगदादचा दरवाजा माझ्याच खेचराने लाथ मारून उघडला, आणि पलटण मागून सावकाश आली. लोक पोट धरून हसायचे, विडी पुढे करायचे. मी ती विडी ओढत आणखी एक दरवाजा उघडायचो.

एक गोष्ट मात्र मी तिकडून खरी आणली होती. बगदादच्या खाली हिल्ला नावाच्या गावाजवळ विटांच्या मोठमोठ्या टेकड्या होत्या. आमच्या खेचरांवरचा म्हातारा साहेब लढाई सोडून त्या टेकड्यांत रमायचा. विटांवर पाखरांनी चिखलात पाय उमटवावेत तशी अक्षरं होती आणि तो ती वाचायचा. संध्याकाळी खेचरं बांधून झाली की तोडक्यामोडक्या हिंदुस्थानीत आम्हाला सांगायचा, की हे बाबिलोन, आणि इथले लोक आकाशातल्या एकेका ग्रहात एकेक देव बघायचे. गुरू म्हणजे मार्दुक, त्यांच्या नगराचा धनी. बुध म्हणजे नबू, देवांचा लिहिणारा. मंगळ म्हणजे नेर्गल, रोगराईचा आणि मेलेल्यांचा राजा. शनी म्हणजे निनुर्ता, शेतीचा देव आणि लढाईचाही. चंद्राला ते सिन म्हणायचे, आणि त्या चंद्राची लेक म्हणजे शुक्र.

लेक! आपला शुक्र म्हणजे दैत्यांचा गुरू, एका डोळ्याचा बुवा. तिकडे तोच तारा बाई होता. तिचं नाव इश्तार. ती एकदा पाताळात आपल्या बहिणीकडे निघाली. वाटेत सात दरवाजे, आणि दर दरवाजाला तिच्या अंगावरचं एकेक उतरवून घेतलं. मुकुट गेला, कानातलं गेलं, गळ्यातलं गेलं, शेवटी नेसूचं वस्त्रसुद्धा. शुक्र संध्याकाळी मावळतीला दिसता दिसता एकदम गडप होतो आणि काही दिवसांनी पहाटे उगवतीला निघतो, ते मधले दिवस बाई खाली असते, असं साहेब सांगायचा. साहेबाने सांगितलं ते एवढंच. पुढचं सगळं माझं.

घरी आलो तेव्हा मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सुई मारून मोतीबिंदू सारून घ्यायला ती तयार नव्हती. पावसाळा सरेतो नुसता उजेड-अंधार कळेल, असं वैद्याने सांगितलं होतं. माझी एकुलती एक बहीण यावलकडच्या एका गावात दिलेली. वडील नाहीत, मी लढाईवर, त्यामुळे दोन वर्षं तिला माहेरी आणायला कोणी गेलंच नव्हतं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, आंब्या-निंबाला झोके बांधतात, आणि त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. माय म्हणाली, "आखाजीले तिले लई ये. एकदाव तिनं तोंड देखी लेसू. मंग डोया गयात ते जाऊ दे."

माय स्वतः जाऊन भेटली असती, असं आजच्या वाचकाला वाटेल. लेकीला मूल झाल्याशिवाय आईबापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि बहिणीला मूल नव्हतं. तेव्हा जायचं मलाच होतं.

गाडी जुंपली. बैल असे पळाले की त्यांच्या सावल्या तापीच्या अलीकडेच राहिल्या, त्या मी परतताना गोळा केल्या. बहिणीच्या घरी पोचलो तर तिने गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं. मला बघून ती हसली, आणि मग सासूच्या धाकाने पदराआड हसली.

सासू दुष्ट नव्हती. तिला एकुलता एक मुलगा, आणि त्याच्या जिवाची तिला अष्टौप्रहर धास्ती. म्हणून तिने गावच्या जोशीबुवांना बोलावून घेतलं होतं. तेव्हा शुक्र संध्याकाळी मावळतीला लखलखत होता, आणि आमचं गाव त्यांच्या मावळतीला. शुक्र समोर असताना सुनेने वाट चालावी की नाही, हे तिला विचारायचं होतं. जोशीबुवा शांत माणूस. पंचांग न उघडताच म्हणाले, "हा नियम नव्या नवरीला, पोटुशीला आणि तान्हं घेऊन निघालेल्या बाईला. ही चार वर्षांची जुनी. खुशाल धाडा."

झालं होतं काम! मी समोरचं ताक पिऊन उठलो असतो, तर ही हकीकत लिहायची वेळच आली नसती. पण सासूबाई जोशीबुवांना हात जोडून म्हणाल्या, "नाना, तुमच्यावानी आकाश कोनालेच कळत नाही." आणि ते वाक्य मला चावलं. ज्याने यावलच्या पलीकडचं आकाश पाहिलं नाही त्याला नमस्कार, आणि मी बाबिलोनहून आलेलो, तो ताक पीत बसलेला!

"अक्का," मी म्हणालो, "शुक्राच्या माहेरात मी दोन वर्षं काढली आहेत."

जोशीबुवा हसले. "शुक्राला माहेर? तो काय सासुरवाशीण आहे?"

"तिकडे ती बाईच आहे, नाना."

"अगं माय!" सासूबाई पाट घेऊन पुढे सरकल्या. शेजारच्या दोघीतिघी ओट्यावर आल्या. आणि एकदा ओटा भरला की मला आवरणं माझ्या खेचरांनाही जमलं नसतं. मी इश्तार सांगितली, पाताळ सांगितलं, सात दरवाजे सांगितले. साहेबाने सांगितलेले दागिने कमी पडले म्हणून मी तिला गोठ-पाटल्या, वेल, बुगडी घातली. आणि सातव्या दरवाजावर, बाया श्वास रोखून बसल्या आहेत असं पाहून, तिचं मंगळसूत्र काढायला लावलं.

"तेव्हापासून तिचा राग सवाष्णींवर," मी आवाज खाली आणून म्हणालो. "जी बाई तिच्याकडे तोंड करून वाट चालेल, तिचं कुंकू ती पुसते. मग ती नवी असो की जुनी. जाणारी असो की येणारी."

"हे कुठल्या ग्रंथात आहे?" जोशीबुवांनी विचारलं.

"विटेत आहे, नाना. तुमचा कागद वाळवी खाते. वीट कोण खाणार? मी या डोळ्यांनी पाहिलं आहे, शुक्र वर असेपर्यंत बगदादच्या बाया उलट्या पावलांनी पाणवठ्यावर जातात."

बाया खो खो हसल्या, पण हसता हसता एकमेकींकडे बघू लागल्या. जोशीबुवांनी काखेत पंचांग मारलं, पायात वहाणा सरकवल्या आणि निघून गेले. मी जिंकलो होतो. असा आनंद मला बगदाद पडल्यावरही झाला नव्हता, कारण तेव्हा मी खोगीर शिवत होतो.

"मंग भाऊ," सासूबाईंनी विचारलं, "आता हा तारा कोनीकडे दिसते?"

"मावळतीला," मी अजून ऐटीतच.

"अन् तुमचं गाव कोनीकडे?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी काय करून बसलो. मी घाईघाईने म्हणालो, "अक्का, पण आपल्याकडे तसं काही…" त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुनेचं कुंकू म्हणजे त्यांच्या मुलाचा जीव, आणि तो मी ओट्यावर बसून चारचौघींत टांगणीला लावला होता. दाराआडून बहीण आली, गाठोडं उचललं आणि आत कोठीवर नेऊन ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊ, जेवून जा."

मी जेवलो. काय जेवलो ते आठवत नाही, आणि मला जेवण आठवत नाही असं आयुष्यात एकदाच झालं.

गाडी दारात थांबली तेव्हा माय भुवईवर हात धरून उभी होती. "गाडीमा कोन शे?"

"कोनी नही, माय. त्यासनाकडे काम निंघनं."

ती माझी त्या दिवसातली दुसरी थाप. पहिलीपेक्षा साधी होती, पण तोंडातून काढायला जड गेली.

आखाजी झाली. पंधरा दिवसांनी मी पुन्हा यावलकडे गेलो आणि सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवून सांगितलं, "अक्का, ते सगळं खोटं होतं. माझ्या मनाचं होतं."

त्या समजूतदारपणे हसल्या. "भाऊ, बहिणीसाठी तुमचा जीव तुटते, मले कळते. पन खोटं इतकं नीट कोनाले सांगता येते?"

खेचराची लाथ मी छातीवर झेलली आहे, पण असा फटका कधी बसला नव्हता. आणि एवढ्यावर भागलं नव्हतं. ओट्यावरच्या बायांनी माझी कथा विहिरीवर नेली होती, विहिरीवरून ती गल्लीगल्लीत गेली होती. त्या वर्षी त्या गावातल्या आणखी दोन सुना माहेरी गेल्या नाहीत. त्यांतली एक वाटेत भेटली, तिने माझ्याकडे पाहून पचकन थुंकलं. ते मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या वर्षी शुक्र पहाटे उगवतीला होता. आता येताना तो पाठीशी राहणार, म्हणून मी आनंदाने गाडी जुंपली. सासूबाईंनी मला पाणी दिलं, गूळ दिला आणि म्हणाल्या, "जाताना पाठीशी, खरं. पन परत येईल तेव्हा? तुम्हीच म्हनले ना, जाणारी असो की येणारी." बाबिलोनच्या विटा वाचणाऱ्या साहेबालाही इतकं काटेकोर गणित जमलं नसतं. मी दोन्ही दारं बंद करून ठेवली होती. तोवर माय माणूस आवाजावरून ओळखायला लागली होती.

तिसऱ्या वर्षी मी जोशीबुवांच्या घरी गेलो. ते पाटावर बसून सुपारी कातरत होते. बस म्हणाले नाहीत. मी उभ्याने सगळं बोललो. मायचे डोळे, माझी जीभ, सगळं.

"तेव्हा मी शास्त्र सांगितलं," ते म्हणाले, "आणि तुम्ही विटेवर लोकांना हसवलंत."

"चुकलं, नाना."

"आता शास्त्र सांगून उपयोग नाही. तिला आता तुमचीच बाई पटते." त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "या चैत्रात शुक्राचा अस्त आहे. आठ दिवस तो ना उगवतीला दिसेल, ना मावळतीला. तुमची ती बाई तेव्हा कुठे असते म्हणालात?"

"खाली. बहिणीकडे."

"मग वर कुणाचं कुंकू पुसायला कोणी नाही. आमच्यात अस्तात नवी नवरी धाडत नाहीत. पण ही जुनी आहे, हे मी पूर्वीच सांगितलं होतं. चला, मी सांगतो तिच्या सासूला." आणि तो म्हातारा माणूस, ज्याचा मी चारचौघींत पाणउतारा केला होता, माझी थाप आपल्या तोंडाने सांगायला माझ्यापुढे चालू लागला. त्याच्या मागे चालताना मला माझे पाय कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं.

सासूबाई ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "आठच दिवस. नवव्या पहाटेच्या आत सून माह्या दारात पाह्यजे."

तर अशी बहीण आली. आखाजी नव्हती, झोका नव्हता, गाणी नव्हती. वाटेत ती गाडीत माझ्याकडे पाठ करून बसली. मी एकही गोष्ट सांगितली नाही, बैलसुद्धा नेहमीच्याच चालीने चालले. घरी माय दारातच बसलेली. बहिणीने जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. माय दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपू लागली, कपाळ, भुवया, नाक, जसं अंधारात दिव्याचं ताट शोधावं तसं.

या दोन वर्षांत बहीण फार वाळली होती. गालफडं बसली होती, डोळे आत गेले होते. तिने वर माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, नको म्हणून.

"कशी दिखस रे ती?" मायने मला विचारलं. "तू सांग. तुले सांगता येस."

मी मायजवळ बसलो. घसा खाकरला. "तिना गाल भरी गयात, माय. रंग उजळना. अशी दिखस, जशी…"

मायचा अंगठा तेव्हा बहिणीच्या गालाच्या खळग्यात होता. तो तिथून हलला नाही.

"हां," माय म्हणाली. "पुढे सांग."