तीन महिन्यांचं सोयाबीन आणि अर्धवट नागपूर

लग्नानंतरची माझी पहिली नागपूर सहल ठरली ती सोयाबीनमुळे, आणि मोडली तीही सोयाबीनमुळे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उमरेडजवळच्या आमच्या गावात तेव्हा हे पीक नवीनच होतं. बियाणं देणाऱ्या साहेबांनी बजावलं होतं, "लवकर येणारं वाण आहे, तीन महिन्यांत कापा." तीन महिने भरत आले, तरी आमचे हे म्हणाले, "सरकारी लवकर म्हंजे दिवाळी. चाल, चार दिवस तुह्या बहिणीकडे जाऊन येऊ."

उमरेडहून सकाळची एसटी धरा आणि डावीकडे बसा. उजवीकडे नागपूर येईस्तोवर ऊन पाठ सोडत नाही. यांच्या मांडीवर पिशवी होती, त्यात शेंगांनी लगडलेली सोयाबीनची चार झाडं. साडूला दाखवायला! शेजारच्या प्रवाशालाही दाखवून झाली.

शांताताई नागपूरला लागून हिंगण्याला राहायची, भाऊजी तिथल्याच कारखान्यात. पहिल्या दिवशी तर्री-पोहे खाऊन महाराजबागेत पिंजऱ्यातला वाघ पाहिला. वाघ झोपला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला बसलो. सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, गरम होती. तेवढ्यात टच्! भाऊजींच्या कपाळावर काहीतरी बसलं. मग टच्, आणखी काहीतरी थेट वरणात.

"पोट्टे खडे मारून राह्यले!" म्हणत ताई खिडकीत गेली आणि शेजारणीला नाही नाही ते बोलली. शेजारीण कमरेला पदर खोचून दारात हजर. "माह्ये पोट्टे शाळेत हायेत वं! कोणाचं नाव घेतं?"

तिच्यादेखत तिसरा खडा उडाला, तो निघाला सोयाबीनचा दाणा. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. खिडकीजवळ खुंटीवर, भर उन्हात, यांची पिशवी टांगलेली. आतल्या वाळलेल्या शेंगा एकेक करून फुटत होत्या.

ताईनं शेजारणीला वडी दिली. शेजारीण हसत सुटली, पण यांचा घास हातातच राहिला.

"वावरातही अशीच फुटून राह्यली असंल," हे हळूच म्हणाले.

वर्षाचं एकमेव नगदी पीक मातीत सांडत होतं. अंबाझरीचा तलाव पाहायचा राहिला. भाऊजींनी रजा टाकली. "चार हात जास्त लागतीन," म्हणून तेही पहाटेच्या गाडीत बसले.

वावरात पोचलो तर अर्धं सोयाबीन कापून, पेंढ्या बांधून तयार! दवानं शेंगा नरम होत्या तोवर उरकायचं म्हणून सासूबाई बाया घेऊन भराभर कापत होत्या.

"आई, तुले कसं समजलं?" यांनी विचारलं.

"पानं गयली, शेंगा खुळखुळल्या. आनखी काय पत्र पाठवीन का सोयाबीन?" मग माझ्याकडे वळून, "वाघ पाह्यला का वं?"

"पाह्यला. झोपला होता."

"मंग ह्याले विळा दे."

बांधाकडचं थोडं सांडलं, बाकी सगळं घरी आलं. नागपूर नंतर पुष्कळदा पाहिलं, अंबाझरीचा तलावही पाहिला. पण त्या अर्धवट सहलीनं आमच्या घरात एक कायमचा बदल केला. पुढच्या हंगामात साहेबांनी कापणीचं विचारलं, तेव्हा हे म्हणाले, "आईले विचारून सांगतो."