बोटं भरून येईपर्यंत

दिग्रसहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. पॅन्टला चिकटलेला कापूस वेचायचा, दोन बोटांत वळून त्याची वात करायची आणि खिशात ठेवायची, हे त्याचं चाललं होतं. अंदमानच्या सहलीबद्दल मी फोनवर बोललो, ते त्याने ऐकलं.

"अंदमानले कधी जाव जी? पोरगा तिकडं नोकरीले हाय, बलावून राह्यला."

"डिसेंबर-जानेवारीत," मी ठासून सांगितलं. "तेव्हा समुद्र शांत असतो. उन्हाळ्यात मुळीच जाऊ नका, घामाने जीव जातो."

त्याने आणखी एक वात वळली.

"मंग होळीनंतरच जातो."

"अहो, मग मला विचारलंत कशाला?"

"बायकोले समुद्रात हात घालून पाहाचा हाय. डिसेंबरात कापूस वेचून वेचून बोटं चिरते तिचे. खारं पानी झोंबन ना जी. होळीपर्यंत भरून येते."

"आणि घाम?"

"तो तं इथंबी येते."

आम्ही डिसेंबरातच गेलो. समुद्र खरंच शांत होता. बायको पाण्यात हात घालायला वाकली, तेव्हा मी समुद्राआधी तिची बोटं पाहिली.