स्टार्टरवरच्या चपला

ऑक्टोबरातला शनिवार, दुपार. भोरजवळ, उत्रोलीच्या बाजूला आमच्या पाणी संस्थेचं ऑफिस. हजर : मी, संस्थेची सचिव. माझी भाची पल्लवी, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. तिसरा दत्ता, आमचा मोटर ऑपरेटर, मूळचा वेल्ह्याकडचा... पण तो ऑफिसात नव्हता. तो कुठे आहे हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि सगळं त्याच्यावरच आलं.

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचते ते रात्री आडवं पडल्यावर, झोप यावी म्हणून. गाडीला लिंबू-मिरची बांधत नाही. संस्थेची नवी मोटर अमावस्येला आली, सभासद कुरकुरले, मी त्याच दिवशी बसवून घेतली. ती अजून चालते. तेव्हा हे लिहिणारी बाई कोणत्या जातकुळीची आहे ते लक्षात ठेवा.

संस्था म्हणजे नदीकाठची एक विहीर, तिच्यावरची मोटर आणि पाळीने पाणी घेणारे शेतकरी. पूर्वी मोटरीवर शंकरआबा असायचे. त्यांचा एक नियम होता – पाइपच्या तोंडाची जाळी साफ करायला विहिरीत उतरायचं, तर पायातल्या चपला काढून स्टार्टरच्या पेटीवर ठेवायच्या. पेटीवर चपला दिसल्या की बटणाला हात लावायचा नाही. चेअरमन असला तरी नाही.

आबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्यानंतर पल्लवीने आम्हाला ॲप करून दिलं. पाळीचे मेसेज पाठवणं, ठरल्या वेळी मोटर चालू करणं, ठरल्या वेळी बंद करणं, ही कामं ते आपलं आपण करत राहतं. चपला ॲपला दिसत नाहीत, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्रास व्हायचा तो ॲप बंद करताना. काही बदल करायचा म्हणून बंद केलं की हातातलं काम अर्धवट तुटायचं. निम्म्या लोकांना मेसेज, निम्म्यांना नाही. एकदा मोटर थांबवायचं कामच मध्ये हरवलं आणि एकाच्या खाचरातलं पाणी दुसऱ्याच्या बांधावरून वाहिलं. त्याचे फोन मला आठवडाभर. शेवटी पल्लवीने दुरुस्ती केली. गिरणीवाला बंद करताना नवा डबा घेत नाही, पण वर ओतलेलं दळून काढतो, तसं. बंद म्हटलं की ॲप नवीन काम घेणार नाही, हातातलं पुरं करेल आणि मग थांबेल. मात्र वाट बघणार तीसच सेकंद. तेवढ्यात नाही झालं, तर ते काम तोडून बंद.

त्या शनिवारी ॲपवर पाळ्यांच्या वेळांचं नवं पान चढवायचं होतं. भात निसवायला आलेलं, पाऊस लवकर गेलेला, सगळ्यांना पाणी आजच हवं. मी सकाळी ग्रुपवर मेसेज टाकला – ‘दुपारी ॲप बंद राहील.’ पल्लवीने बंदची आज्ञा दिली.

स्क्रीनवर आलं : नवीन कामं घेणं थांबवलं. बाकी काम – १.

तीस सेकंद गेले. एक मिनिट गेलं. तसंच.

“कुठलं काम आहे?” मी विचारलं.

“तेच बघतेय मावशी. यादी रिकामी आहे... आणि हे म्हणतंय एक बाकी.”

“मग तोडून टाक.”

“दोनदा तोडलं. ऐकत नाहीये.” ती हसली, पण बोटं कीबोर्डवरून काढली. “तुझ्या सभासदांसारखंच आहे हे.”

तेवढ्यात सभासदांचे फोन सुरू झाले. “सचिवबाई, पाणी सोडताय का आमी भात वाळवूनच कापू?” तिसऱ्या फोननंतर माझं डोकं दुखायला लागलं. हातानेच मोटर चालू करावी म्हणून दत्ताला फोन लावला. उचलला नाही. दोनदा लावला. शेवटी पायात चपला सरकवल्या आणि बांधावरून मीच निघाले. उन्हात चालताना मनातल्या मनात दत्ताला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

मोटरघराचं दार उघडं होतं. खिळ्याला दत्ताचा शर्ट, शर्टाच्या खिशात वाजून थकलेला फोन. मी हिरव्या बटणाकडे हात नेला... आणि पेटीवर चपला.

हात तसाच मागे आला. बाहेर येऊन विहिरीत डोकावले. दत्ता गळ्यापर्यंत पाण्यात, एक हात खाली पाइपच्या जाळीत.

“दत्ता! वर ये आधी!”

“आलो वैनी, पाला अडाकलाय लई. येवढा काढतो.”

“वर ये म्हणते ना!”

तो पायऱ्या चढून आला, निथळत. माझा आवाज चढलेला. “मेन स्विच का नाही पाडलास?”

“आता? तुमीच तर टाकलं ना ग्रुपवर, ॲप बंद हाय म्हनून. ॲप बंद तर मोटर कशी चालू हुईल? म्या म्हनलं आजच घ्यावी जाळी साफ करून.”

मेसेजचा असाही अर्थ होतो, हे मला तिथे उभं राहून कळलं.

“मग या चपला कशाला ठेवल्यास?”

“त्या व्हय?” तो ओशाळला. “हात आपसूक जातो. आबा आय-माय काढायचं, न्हाई ठेवल्या तर.”

त्याने चपला उचलल्या, खाली टाकल्या, पाय सरकवले. त्याच क्षणी माझा फोन वाजला.

“मावशी, झालं बंद. आपोआप! मी हातसुद्धा लावला नाही. नवं पान चढवलेलं होतंच, चालू करतेय बघ –”

मी “थांब” म्हणेपर्यंत आमच्या पाठीमागे मोटर घरघरली. बंद असताना चुकलेली पाळी ॲप चालू झाल्यावर आधी उरकतं, तसं ते करत होतं. पाइप थरथरला, पाणी वर चढलं. दत्ता विहिरीकडे बघत राहिला. मघाशी जाळीत असलेला हात त्याने दुसऱ्या हाताने धरला होता.

“वैनी,” तो म्हणाला, “घरी सांगू नका.”

ॲप वेळेत बंद झालं असतं, तर वेळेत चालूही झालं असतं. तेव्हा तो हात जाळीत होता.

पल्लवीने नंतर ऑफिसात बसून आणि पुण्यात जाऊन तेच परत परत करून पाहिलं. ॲप दर वेळी तीस सेकंदांच्या आत बंद होतं. त्या दुपारची नोंद तिने मला दाखवली. काम घेतलं असं नाही, सुरू झालं असं नाही, नुसतं शेवटी – ‘काम पूर्ण’. कुठलं काम, तिला सांगता येत नाही. दत्ता सांगतो. “आबा हायेत, दुसरं कोन?” म्हणतो आणि विषय संपवतो. मी हो म्हणत नाही. नाही म्हणायचं, तर दुसरं कारण द्यावं लागतं, आणि ते माझ्याकडे नाही.

करायची होती ती कामं केली. मेन स्विचला कुलूप बसवलं, किल्ली उतरणाऱ्याच्या गळ्यात. ग्रुपवर आता ‘ॲप बंद, मोटर चालू होऊ शकते’ असं पुरं वाक्य जातं. चपला पेटीवर ठेवायचा नियम कायम.

एक राहिलंय. पल्लवीने विचारलंय – तीस सेकंदांची मर्यादा तशीच ठेवू, की काढून टाकू आणि ॲपला हवं तेवढं थांबू देऊ? दर रविवारी फोनवर विचारते. मी दर रविवारी म्हणते, पुढच्या आठवड्यात सांगते.