बाभळीचा बारावा फोटो

धुकं इतकं दाट आहे की होडीच्या एका टोकावरून दुसरं टोक दिसत नाही. उल्का दातार शाल गुंडाळून पुढच्या फळीवर बसली आहे, मांडीवर कॅमेरा, लेन्सवर झाकण. सकाळचे सहा वाजून गेलेत. मागं हौसाबाई वल्हं मारताहेत. चुबुक, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा चुबुक. रात्रभर उल्काच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, नुसती रागानं तळमळत होती. आता पाण्यावर जरा निवांत वाटलं, तर पापण्या जड व्हायला लागल्यात.

राग कुणावर, ते आधी सांगायला हवं, कारण तो माणूस सहा महिन्यांपूर्वीच वारला आहे. गजाबा नगरे, हौसाबाईंचे यजमान, ही होडी त्यांचीच. मेलेल्या माणसावर रागवायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं. भिंतीला काही होत नाही. पण उल्काचा स्वभाव म्हणजे सांगायलाच नको, ती आपटते.

वर्षभर ती पुण्यात पोटासाठी फोटो काढते. सराफांच्या कॅटलॉगसाठी मखमलीवर मांडलेली मंगळसूत्रं, हॉटेलांच्या मेनूकार्डांसाठी तेलाचा हात फिरवून चकचकीत केलेली वांगी, आणि मार्गशीर्ष लागला की लग्नं. स्वतःसाठी म्हणून ती वर्षात एकच फोटो काढते. डिसेंबरातला तिसरा शनिवार, उजनी धरणाच्या फुगवट्यावर, पाण्यात उभ्या असलेल्या एका वाळक्या बाभळीचा. चाळीसेक वर्षांपूर्वी पाणी आलं तेव्हा बुडाली, मेली, पण पडायचं नाव घेईना. तीच जागा, तीच लेन्स, तोच उजेड. एका वर्षी फांद्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते, एका वर्षी घार होती, एका वर्षी नुसतीच एक प्लास्टिकची पिशवी लटकत होती. असे अकरा फोटो झाले. बारावा झाला की प्रदर्शन. फेब्रुवारीतला हॉल ठरलाय, अकरा चौकटी तयार आहेत आणि बारावी रिकामी.

आणि झाडाची राखण गजातात्यांकडे. पहिल्याच वर्षी ते म्हणाले होते, "झाडाची काळजी करू नगा, ताई. म्या हाय तवर फांदीला धक्का लागायचा न्हाई." जाळी अडकतात म्हणून काही जण ते पाडायला निघाले, तेव्हा तात्या स्वतः आडवे आले होते. तेव्हापासून उल्का निर्धास्त. डिसेंबर उजाडला की फोन करायचा, "तात्या, झाड आहे ना?" "हाय की." झालं, वर्षाचं बोलणं संपलं.

यंदा फोन लागला नाही. तरी ती काल दुपारी येऊन थडकली, तर भिंतीवर तात्यांचा हार घातलेला फोटो. कुठल्यातरी ओळखपत्रावरचा, वाढवून वाढवून चेहऱ्याचे चौकोन झालेले, एक कान गायबच. धंद्याचे डोळे ते, तिला तो लगेच खुपला. ती बसली, हळहळली, चहा घेतला. मग तिनं विचारलं, उद्या झाडापाशी न्यायला कुणाची होडी मिळेल.

"झाड न्हाई आता," हौसाबाई म्हणाल्या.

"पडलं?"

"तोडलं. त्यांनीच. वैशाखात पानी उतारलं, तवा दोन दिस करवत घालत बसले हुते."

उल्कानं कप खाली ठेवला. "मला एक फोन करता आला नाही त्यांना?"

"ताई, ऐकून तर घ्या—"

पण ताई उठून बाहेर पडल्या होत्या. दुसऱ्या कुणी तोडलं असतं तर ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या आणि गप्प बसली असती. पण डोळे झाकून ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानंच केसानं गळा कापला. अकरा हिवाळे पाण्यात गेले. रात्रभर हेच. आणि पहाटे तिच्या मुक्कामाच्या खोलीचं दार वाजवायला पुन्हा हौसाबाईच. "चला. होडी काढलीया," एवढंच म्हणाल्या, आणि उल्काही का कोण जाणे, कॅमेरा घेऊन निघाली.

चुबुक. मग काही नाही. चुबुक.

वल्ह्याचा ठेका बदलतो. आता तो जरा लांब आहे, ओढल्यासारखा, उल्काच्या ओळखीचा. ती वळून बघते, तर मागं गजातात्या बसलेत. बिनबाह्यांचा तपकिरी स्वेटर, कानावर ओढलेली टोपी, तळहातावर तंबाखू. ते वारलेत हे दोघांनाही माहीत आहे आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

"थंडी लई हाय अवंदा," तात्या म्हणतात.

"तुम्ही माझं झाड तोडलंत."

"तुमचं?" ते विचारतात. चिडून नाही, नीट ऐकू आलं नसल्यासारखं.

उल्का उत्तर द्यायला जाते आणि होडी कशाला तरी अडते. बघते तर तिच्या पुण्यातल्या स्टुडिओचं टेबल. फरशीवर घोट्याएवढं पाणी आहे, दिवे लावलेले आहेत, मंगळसूत्राच्या मखमलीवर बाभळीचा ओंडका ठेवलाय. कापल्या जागी लाकूड लालसर आहे आणि करवतीच्या खुणा ताज्या. तात्या कोपऱ्यात उभे, हात पाठीमागं बांधून.

त्या हातांचीही एक गोष्ट आहे. पहिल्या हिवाळ्यात होडी हेलकावली, कॅमेरा घसरला, आणि तात्यांनी तो वरच्या वर झेलला. पण अंगठ्याला चुना लागलेला, तो उमटला नेमका काचेवर. त्या सकाळच्या सगळ्या फोटोंत मधोमध पांढुरका धूर. उल्कानं त्यांना काठावर चार माणसांत फैलावर घेतलं होतं, आणि फोटो पुसून टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा काढले होते. तेव्हापासून होडी थांबली आणि कॅमेरा बाहेर आला की तात्या हात मागं बांधून बसायचे, शाळेतल्या पोरासारखे.

"शब्द दिला होतात," उल्का म्हणते. "घरच्या माणसावर टाकला नसता इतका विश्वास टाकला तुमच्यावर. काय मिळालं तोडून?"

"चला, दावतो," तात्या म्हणतात आणि स्टुडिओचं दार ढकलतात.

दाराबाहेर जिना नाही. ज्वारी आहे, छातीएवढी, दवानं भिजलेली. बांधावर एक झाड आहे, हिरवंगार, पिवळ्या फुलांच्या गोंड्यांनी भरलेलं, त्याखाली शेळ्या. उल्का झाडाकडे बघते आणि तिला ओळखूच येत नाही. मग ती डावीकडची वाकडी फांदी दिसते. बाभळीला पानं असतात, हे बारा वर्षांत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"हे आमचं रान," तात्या म्हणतात. "दीड एकर. ह्या फांदीला माजी झोळी बांधून आई खुरपायला जायची."

"कधी सांगितलं नाहीत."

"इचारलं न्हाई कुनी." ते बुंध्यावर हात ठेवतात. "हितं सावलीला धरनाच्या साहेबानं टेबल मांडलं व्हतं. कागदावर बापानं अंगठा दिला आनि घरी येऊन दोन दिस जेवला न्हाई. मग पानी आलं. रान गेलं, घर गेलं, ह्ये तेवढं उभं ऱ्हायलं. फागनात डागदर म्हनला, गजाबा, पावसाळा काय निघत न्हाई तुजा. म्हनलं, मग आपल्या रानातलं जे उरलंय त्याच्यावर जाऊ. करवत घेतली. थोडं थोडं कापलं, दम लागायचा. अंगनात वाळत घातलं."

उल्काला लाज वाटते, आणि लाज वाटूनही राग जात नाही, हे जास्त वाईट. ती म्हणते, "एक फोन करायचात. मी उन्हाळ्यात आले असते. पाडायच्या आधी शेवटचा एक काढला असता."

"आला असता?"

हो म्हणायला ती तोंड उघडते, आणि तिला तो उन्हाळा दिसतो. उन्हाळ्यात कडक ऊन, पाणी उतरलेलं, सगळा चिखल. अकरा वर्षांत ती डिसेंबर सोडून कधी आली आहे?

ज्वारी सळसळते, आणि तो आवाज हळूहळू माणसांच्या कुजबुजीचा होतो. हा फेब्रुवारीतला हॉल. भिंतीवर अकरा चौकटी, खाली गुडघाभर पाणी, आणि तात्या पाण्यातून एकेका चौकटीपुढं जाताहेत. हात मागं बांधलेलेच. प्रत्येकीत वाकून बघतात, वरच्या कोपऱ्यात, खालच्या कोपऱ्यात, पाण्याच्या कडेला, आणि पुढं सरकतात.

"काय शोधताय?" उल्का विचारते.

"म्या कुटं हाय ह्यात?"

कुठंच नाही. बाराव्या चौकटीत मात्र कुणीतरी आहे. चौकोनी चौकोनी चेहरा, एक कान नाही. तात्या त्याच्या अगदी जवळ वाकतात.

"ह्यो कोन?" ते म्हणतात. "नात इचारती आजीला, आजा असाच व्हता का. हौसा काय सांगनार."

दरवर्षीचं ते उल्काला आठवतं, आणि आठवू नये असं वाटतं. होडी काठाला लागली की तात्या पाण्यात हात बुडवून केस बसवायचे, टोपी सरळ करायचे, आणि लाजत म्हणायचे, "ताई, एक आमचा बी काढा की." आणि ती बॅगेची चेन ओढत म्हणायची, "आता ऊन कडक झालं, तात्या. चेहऱ्यावर सावल्या पडतात. पुढच्या वर्षी नक्की." दरवर्षी नक्की. एकदा तर त्यांनी नवा सदरा घातला होता.

"तुमचा इस्वास मोडला, ह्ये खरं हाय," तात्या म्हणतात. "त्याचं वाईट बी वाटलं. फोन हातात घेतला व्हता दोनदा. म्हनलं, ताई थांबा म्हनतील, आनि मला न्हाई म्हनता यायचं न्हाई. पर शब्द तुमी बी दिलाता."

"उजेड नसायचा, तात्या. खरंच, उजेड जायचा तोवर."

"माजा बी गेलाता," तात्या म्हणतात.

मग ते जवळ येतात. अकरा वर्षांत पहिल्यांदा, कॅमेरा बाहेर असताना, त्यांचे हात पाठीमागून पुढं येतात. उजवा अंगठा पांढरा आहे. उल्का ओरडणार असते. ओरडत नाही. ते अंगठा काचेवर टेकवतात, सावकाश, कागदावर टेकवावा तसा नीट दाबून, आणि उचलतात.

"काढा आता," ते म्हणतात.

"ताई."

चुबुक थांबलं आहे. होडी जागच्या जागी हलते आहे.

"ताई, हितंच व्हतं," हौसाबाई म्हणताहेत. मागं त्याच आहेत, डोक्यावरून पदर, हातात वल्हं. धुकं विरळ झालंय आणि समोर सपाट पाणी आहे, त्यावर काहीच नाही. सूर्य नुकताच वर आलाय, दरवर्षी यायचा तिथूनच.

उल्काची मान अवघडली आहे. तोंड कोरडं पडलंय. ती म्हणते, "काल मी ऐकून घेतलं नाही, हौसाबाई. त्या लाकडाचं काय केलंत?"

"काय करनार. त्यांना त्याच्यावरच अग्नी दिला. त्यांनीच सांगून ठिवलं व्हतं." त्या काठाकडे बोट करतात. "बारका तुकडा बी मागं ठिवला न्हाई. ठिवावा म्हनलं तुमच्यासाठी, पर मन झालं न्हाई."

उल्का मान हलवते. राग गेला असं नाही. त्यांनी सांगायला हवं होतं, हे ती मरेपर्यंत म्हणेल. फक्त आता तो राग एकट्या त्यांच्यावर उरलेला नाही.

उजेड थांबत नसतो. सवयीनं ती लेन्सचं झाकण काढते.

काचेवर मधोमध अंगठा उमटलाय. पांढरा, चुन्याचा, वाळलेला, एकेक रेघ मोजता येईल असा. ती वळून हौसाबाईंचे हात बघते. ते वल्ह्यावर आहेत, ओले आणि स्वच्छ. खिशातल्या फडक्याकडे तिचा हात जातो, बारा वर्षांची सवय. तिथंच राहतो.

मग ती उभी राहते, पाय रोवते आणि रिकाम्या पाण्याचा फोटो काढते. मागच्या पडद्यावर तो दिसतो. खाली पाणी, वर आभाळ, आणि बाभूळ जिथं असायची तिथं पांढुरका धूर.

परत काठाला लागेपर्यंत ऊन चांगलंच कडक झालं आहे. हौसाबाई दोर बांधायला वाकतात.

"थांबा," उल्का म्हणते, "तुमचा एक काढते."

"आत्ता? तोंडावर ऊन आलंय की, ताई."

"येऊ द्या," ती म्हणते, आणि काच न पुसता कॅमेरा डोळ्याला लावते.