लांबलेली वास्तुशांत

परवा शहरातल्या माझ्या फ्लॅटची वास्तुशांत दुपारीच आटोपली, तेव्हा खुलताबादच्या मामीचा जुना राग उफाळला. मामा फौजेत असताना सरकारनं त्यांना शेजारच्या देशात बंडखोरांशी लढायला धाडलं आणि त्या फौजेचं नाव ठेवलं शांतिसेना. हे नाव सुचलेला साहेब नक्कीच घरी बसून असणार. नाव ऐकून मामीला तेव्हा वाटलं, कुणाची तरी वास्तुशांतच असंल. पुढारी मात्र दर महिन्याला रेडिओवर सांगायचे, काम उरकतच आलंय.

"एका दिवसाचं काम लईच लांबवलं," मामी म्हणाली. "घरवाल्यानं तरी बोलावलं व्हतं का?"

मामा अधू पाय लांब करून पानावर बसले होते.

"ते आम्हाला कुणी सांगितलंच नाय," ते म्हणाले. "होम तिकडं पेटला आणि पंगती दिल्लीत उठल्या."